बर्ड्स नेस्ट फर्न: पानामागच्या तपकिरी रेघा, करपणाऱ्या कडा आणि बीजाणूंपासून रोपं

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची गॅलरी आहे. तिथे बर्ड्स नेस्ट फर्न ठेवलं आहे, चिठ्ठीवर आस्प्लेनियम निडस असं नाव होतं. आठ इंची प्लास्टिकची कुंडी, आत लाल माती आणि शेणखत, पाणी बोअरचं. सगळ्यात मोठं पान साधारण हातभर लांब आहे.

मोठ्या पानांच्या मागे, टोकाकडच्या अर्ध्या भागात, मधल्या शिरेपासून तिरक्या निघालेल्या तपकिरी रेघा आल्या आहेत. अगदी एकसारख्या अंतरावर, दोन्ही बाजूंना. नर्सरीत फोटो दाखवला तर "कीड आहे, औषध मारा" असं उत्तर आलं. औषध आणण्याआधी इथे विचारते. दुसरं म्हणजे मार्च लागला की पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरा थर बसतो.

हे रोप फोडून दोन करता येतं का? बीजाणूंपासून घरी रोपं होतात का? होत असतील तर कुठल्या महिन्यात आणि कशात पेरायचे? मूळचं हे झाड कुठलं आणि तिथे कसं राहतं हेही कुणी नीट सांगितलं तर हवंच आहे. इंटरनेटवर सगळीकडे "कमी उजेड, जास्त आर्द्रता" एवढंच लिहिलेलं सापडतं.

---

रानपाचोळा

ताई, औषध आणू नका. त्या रेघा बीजाणूंच्या आहेत, झाड वयात आल्याची खूण.

नेच्यांना (म्हणजे फर्नना) फूल नाही, बी नाही. बीजाणू तयार होतात ते बीजाणुधानी नावाच्या बारीक पिशव्यांमध्ये, आणि या पिशव्यांचा पुंजका म्हणजे सोरस. बहुतेक नेच्यांत सोरस गोल ठिपक्यासारखे दिसतात. आस्प्लेनियममध्ये ते लांबट असतात आणि शिरेला धरून बसतात. म्हणून तुम्हाला एकसारख्या अंतरावरच्या रेघा दिसतात: प्रत्येक रेघ एका शिरेवर आहे. आस्प्लेनियम निडसमध्ये ही रेघ मधल्या शिरेजवळ सुरू होते आणि साधारण निम्म्या रुंदीपर्यंत जाऊन थांबते. कडेकडचा भाग कोरा राहतो. रेघेच्या एका बाजूने पातळ पापुद्र्याचं झाकण असतं, ते एकाच अंगाने उघडतं. कोवळ्या सोरसमध्ये हा पापुद्रा फिकट हिरवट-पांढरा दिसतो, पिकला की मागे सरकतो आणि खालचा तपकिरी भाग उघडा पडतो.

एक पक्की रेघ असलेला पानाचा तुकडा टेबललॅम्पच्या उबेत ठेवा आणि दहापटीच्या भिंगातून बघा. प्रत्येक बीजाणुधानीच्या पाठीवर जाड भिंतीच्या पेशींची एक अर्धवट कडी असते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडून जातं, कडी मागे ताणली जाते आणि पिशवी फाटते. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की पेशींमध्ये बुडबुडे होतात, कडी झटक्यात पुढे येते आणि बीजाणू फेकले जातात. भिंगाखाली तपकिरी कण टपाटप उडताना दिसतात. एका बीजाणुधानीत सहसा ६४ बीजाणू असतात: १६ मातृपेशी, प्रत्येकीचे चार. पानामागच्या एकेका रेघेत अशा शेकडो पिशव्या धरा, म्हणजे एका पानातून किती बीजाणू बाहेर पडतात त्याचा अंदाज येईल.

आता मूळ गाव. लिनिअसने १७५३ साली या जातीला नाव दिलं. पूर्व आफ्रिका आणि मादागास्करपासून आग्नेय आशियातली बेटं ओलांडून पॅसिफिकमधल्या पॉलिनेशिया आणि हवाईपर्यंत तिचा पसारा आहे. हवाईत तिला एकाहा म्हणतात. आपल्याकडे अंदमान-निकोबारच्या जंगलात ही आढळते. बीजाणू इतके हलके की वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडतात. शिवाय बीजाणूपासून उगवणाऱ्या एकाच इवल्या रोपावर नर आणि मादी दोन्ही अवयव येऊ शकतात, त्यामुळे एखादा बीजाणू एकटा पोचला तरी नव्या बेटावर वंश सुरू होण्याची शक्यता राहते. दूरदूरच्या बेटांवर नेचे इतके का, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

तिथे हे झाड मातीत क्वचितच वाढतं. उंच झाडाच्या दुबेळक्यात किंवा खोडावर बसतं. पण हे बांडगूळ नव्हे. बांडगूळ यजमान झाडात मुळं खुपसून त्याचा रस घेतं, हे फक्त बसायला जागा घेतं. पानं गोलाकार, खाली चिकटून आणि वर फाकलेली असतात. वरून पडणारा पाचोळा, फुलं, किड्यांची विष्ठा, पावसाचं पाणी सगळं त्या फनेलात अडकतं. खाली मुळांचं दाट जाळं असतं, त्यावर तपकिरी लोकर असल्यासारखी मुळांची लव असते. हे जाळं पाणी शोषून धरतं आणि त्याच वेळी पेंड्यासारखं मोकळंही राहतं. पाचोळा तिथेच कुजतो आणि झाड स्वतःचं खत स्वतःच्या डोक्यावर तयार करतं.

बोर्निओत सबाहमधल्या डॅनम व्हॅलीच्या जंगलात या नेच्यांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तिथले मोठे नेचे ओले असताना २०० किलोपर्यंत भरू शकतात, आणि जंगलाच्या छतावरच्या कीटक वगैरे प्राण्यांपैकी फार मोठा वाटा या घरट्यांत राहतो असं त्यात दिसलं. बाहेर ऊन तापलेलं असताना घरट्याच्या आत गारवा आणि ओल टिकते, म्हणून.

तुमच्या कुंडीतलं लाल माती आणि शेणखताचं मिश्रण या जगण्याच्या अगदी उलट आहे. मुळांना ओल हवी आणि त्याच क्षणी हवाही हवी. लाल माती पाणी घेते आणि हवा बाहेर ढकलते.

ओळखीबद्दल थोडं. बाजारात या नावाखाली निदान तीन जाती विकल्या जातात. पान उलटं करून मधली शीर बोटाने चाचपा. खालून ती गोलसर किंवा सपाट लागली तर निडस. होडीच्या तळासारखी धार लागली तर ती ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण पॅसिफिककडची आस्प्लेनियम ऑस्ट्रेलेसिकम. पान अरुंद आणि कडा लाटांसारख्या असतील तर बहुधा जपान-तैवानकडची आस्प्लेनियम अँटिक्वम किंवा तिचा एखादा बागायती प्रकार. या गटातल्या जातींत बाजूच्या सगळ्या शिरा कडेजवळ एका बारीक आडव्या शिरेला जाऊन मिळतात. पान उजेडासमोर धरलं की कडेला समांतर जाणारी ती शीर स्पष्ट दिसते.

निडस हे नावही एका जातीपुरतं असेल असं धरून चालू नका. जावामधल्या हालिमुन डोंगरावर जनुकीय क्रमावरून तीन प्रकार सापडले. एकाच जंगलात शेजारी राहूनही त्यांचा आपसांत संकर होत नाही, असं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवलं आहे. दिसायला मात्र सगळे बर्ड्स नेस्टच.

---

गोदाकाठची_बाग

वर रानपाचोळा यांनी मुळांची गोष्ट सांगितली, तिथून पुढे नाशिकपुरतं लिहितो.

कडा करपण्याची दोन कारणं एकत्र येतात: कोरडी हवा आणि पाण्यातले क्षार. मार्च-एप्रिलमध्ये नाशिकमध्ये दुपारची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास येते, पारा चाळिशीकडे जातो. पानातून पाणी भराभर उडतं. पाण्याबरोबर आलेले क्षार मात्र उडत नाहीत, ते प्रवाहाच्या शेवटी, म्हणजे पानाच्या कडेला आणि टोकाला साठतात आणि तिथल्या पेशी मारतात. मातीवरचा पांढरा थर त्याच क्षारांचा. बेसॉल्टमधून येणारं आपलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं.

ब्रह्मगिरीच्या किंवा अंजनेरीच्या कातळावर पावसाळ्यात हंसराज नावाचा नेचा उगवतो, दिवाळीनंतर पानं वाळून जातात आणि खालचा कंद पुढच्या जूनपर्यंत झोपतो. सह्याद्रीतल्या कित्येक नेच्यांनी कोरड्या आठ महिन्यांशी असं जमवून घेतलं आहे. बर्ड्स नेस्ट दमट जंगलातलं आहे, त्याला झोपायची सोय नाही. बारा महिने पानं तगवायची असतात. म्हणून उन्हाळ्यात आपल्यालाच त्याच्याभोवती ओल टिकवावी लागते.

पाण्यापासून सुरुवात करा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. १५० पीपीएमच्या आत पाणी असेल तर काळजी नाही. ३०० च्या पुढे कडा हमखास करपतात. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी बोअरपेक्षा बरंच मऊ असतं, ते येत असेल तर तेच वापरा. नसेल तर आरओचं शुद्ध पाणी तीन भाग आणि बोअरचं एक भाग. आरओच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र चुकूनही घालू नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. जून ते सप्टेंबर पागोळीखाली पिंप ठेवलंत तर चार महिने प्रश्नच मिटतो. फक्त पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात गच्चीची धूळ असते.

कुंडी बदला. मिश्रण असं: नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे दोन भाग, लोणारी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे एक भाग, पूर्ण कुजलेलं पानांचं खत एक भाग. सोडणाचे तुकडे नर्सरीच्या सामानात कोको चिप्स म्हणून मिळतात. ते तसेच घालू नका, त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. बादलीत चोवीस तास भिजवा, पाणी ओता, पुन्हा भिजवा. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस मूळ पाण्याच्या जवळ आला की झालं. साधारण तीन पाण्यांत होतं.

कुंडी उथळ आणि मुळांच्या गोळ्यापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटरच मोठी. मोठी कुंडी घेतली की रिकाम्या भागातली ओल आठ-आठ दिवस सुकत नाही आणि मुळं सडतात. जुनी लाल माती काढताना मुळांवर नळ सोडू नका. टबात बुडवून हलकेच झटका, मुळांना घट्ट चिकटलेली राहिली तर राहू द्या. पानं जिथून फुटतात तो मधला भाग मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला की कुजलाच म्हणून समजा. हे काम जूनच्या शेवटी किंवा जुलैत करा. आत्ता भर उन्हाळ्यात मुळं हलवलीत तर पानं माना टाकतील. पाऊस पडेपर्यंत जुन्याच कुंडीत मऊ पाण्याने एकदा भरपूर धुवून घ्या: कुंडीच्या तिप्पट पाणी हळूहळू घालून खालून वाहू द्या.

पाणी कडेने द्या. वरचा दोन सेंटिमीटरचा थर कोरडा लागला की द्या, तोपर्यंत नको. मधल्या फनेलात पाणी ओतू नका.

खत फार लागत नाही. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, तीन-चार आठवड्यांतून एकदा, जून ते ऑक्टोबर. द्राक्षाला देतात त्या मात्रेत दिलंत तर कडा तीन दिवसांत काळ्या होतील. बाकीच्या महिन्यांत खत बंद.

उजेड भरपूर पण थेट ऊन नको. पूर्वेची गॅलरी चांगली. नोव्हेंबर ते जानेवारीत सकाळचं कोवळं ऊन चालतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून ७५ टक्के सावलीचं हिरवं शेडनेट बांधा. दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर पानं लांब, अरुंद आणि लुळी होतात आणि फनेलाचा आकारच मोडतो. थंडीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर आणखी उतरतो. त्या रात्री कुंडी घरात घ्या. पंधरा अंशांच्या खाली वाढ थांबते, दहाच्या खाली पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडतात.

आर्द्रतेसाठी दिवसातून चारदा फवारणी करत बसू नका, त्याचा परिणाम काही मिनिटांत संपतो. चार-पाच कुंड्या एकत्र दाटीने ठेवा, खाली खडी आणि पाणी भरलेला ट्रे ठेवा (कुंडीचा तळ पाण्याला लागू देऊ नका), वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. गोणपाट सगळ्यात जास्त काम करतं. डेझर्ट कूलरच्या खोलीत ठेवलंत तरी चालेल, फक्त थेट झोतात नको.

करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. कापायची असेल तर तपकिरी भागाची एक-दोन मिलिमीटरची किनार ठेवून कापा. हिरव्यात कात्री घातली की नवी जखम होऊन ती पुन्हा सुकते. निम्मं हिरवं असलेलं पान काढू नका, ते अजून झाडाला अन्न देतंय.

---

पानमळा

रेघांचा विषय मिटला, तरी खरी कीड आणि खरे रोग ओळखता यायला हवेत. तपकिरी दिसलं की सोरस, असंही व्हायला नको.

सोरस फक्त पानाच्या मागे असतात, पक्क्या पानांच्या वरच्या भागात आणि मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखे. खवले कीड मात्र कुठेही असते: देठाजवळ, मधल्या शिरेला चिकटून, पानाच्या वरच्या बाजूलासुद्धा. ती फुगीर आणि अंडाकृती असते आणि नखाने उचकटली की अख्खी निघते. शेजारी पान चिकट लागतं, मुंग्या फिरताना दिसतात. ती दिसली तर कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढा: मऊ द्रव साबण ५ मिली, पाणी १ लिटर. आधी एकाच पानावर करून तीन दिवस थांबा, मग बाकीच्या पानांवर. अर्ध्या तासाने साध्या पाण्याने पुसा. आठ-आठ दिवसांनी तीन वेळा करावं लागतं, कारण खवल्याखालची पिल्लं पहिल्या पुसण्यात सुटतात. निंबोळी तेल किंवा कुठलंही तेलकट फवारण नेच्यावर टाळा, त्याने कोवळी पानं जळतात. द्राक्षबागेसाठी घरात असलेलं मोरचूद किंवा बोर्डो मिश्रणही इथे नको.

बर्ड्स नेस्टचा सगळ्यात वाईट शत्रू पानातला सूत्रकृमी (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा किडा), आफेलेंकॉइडिस फ्रॅगारी. तो पानाच्या बुडाकडून सुरू होतो. आधी गडद हिरवे, पाणी मुरल्यासारखे पट्टे दिसतात, मग ते तपकिरी-काळे होतात. पट्ट्याच्या कडा सरळ असतात, कारण कृमी पानाच्या आत शिर ओलांडून सहज जात नाही, दोन शिरांच्या मधल्या पट्टीत अडकतो. हा डाग पानाच्या दोन्ही बाजूंनी दिसतो, इथेच तो सोरसपासून वेगळा ओळखता येतो. कृमी पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत शेजारच्या पानावर जातो. म्हणून अशा झाडावर पाणी शिंपडणं ताबडतोब बंद, डागाळलेली पानं बुडापासून काढून कचऱ्यात टाका (कंपोस्टमध्ये नको), कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. निम्म्यापेक्षा जास्त पानं लागली असतील तर रोप मिश्रणासकट टाकून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. घरगुती उपायाने ते बरं होत नाही आणि शेजारची रोपं जातात.

जिवाणूचा करपा निराळा. छोटे, काचेसारखे पारदर्शक ओले ठिपके येतात, ते मोठे होऊन लालसर तपकिरी होतात, कधी भोवती जांभळट कड दिसते. दमट हवा आणि पानावर साचलेलं पाणी असलं की पसरतो. उपाय तोच: पानं कोरडी ठेवा, हवा खेळती ठेवा, डागाळलेलं पान काढा.

गोदाकाठच्या मिश्रणात मी एक बदल सुचवेन. पानांचं खत वापरण्यापूर्वी वाफवून घ्या. बाहेरच्या पाचोळ्यातून कृमी, गोगलगायींची अंडी आणि माशांच्या अळ्या येतात. मोठ्या पातेल्यात चाळणीवर ठेवून अर्धा तास वाफ दिली की पुरे.

फोडण्याबद्दल: या झाडाला एकच शेंडा असतो, बाजूने फुटवे सहसा येत नाहीत. मधोमध कापलंत तर दोन्ही अर्धे जातील. मात्र टिशू कल्चरची (प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यांपासून वाढवलेली) रोपं भरगच्च दिसावीत म्हणून एका कुंडीत तीन-चार लावलेली असतात. पानांच्या बुडाशी बघा, वेगवेगळी फनेलं दिसत असतील तर ती वेगळी रोपं आहेत आणि जुलैत कुंडी बदलताना सोडवता येतात.

---

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. मधली शीर खालून गोल आहे आणि फनेल एकच आहे. म्हणजे निडस, आणि फोडायचा विषय संपला.

एक अडलं. जंगलात पाऊस थेट त्या फनेलातच पडतो, झाड त्यावरच जगतं. मग कुंडीत फनेलात पाणी का नको? आणि बीजाणू पेरायची रीत कुणी पायरीपायरीने सांगाल का?

---

रानपाचोळा

प्रश्न अगदी योग्य आहे. फांदीवर फनेलाच्या तळाशी पोकळ, पाझरणारं मुळांचं जाळं असतं. सर आली की पाणी पाचोळ्यातून खाली झिरपतं, जास्तीचं काही मिनिटांत गळून जातं आणि चारी बाजूंनी वारा लागतो. शिवाय खोडावर बसलेलं झाड बहुतेकदा एका अंगाला कललेलं असतं. कुंडीत शेंडा ओल्या मिश्रणाला टेकलेला, खालचा निचरा मंद, गॅलरीत हवा अडलेली. पाणी तिथे रात्रभर उभं राहतं, आणि नव्या पानाची गुंडाळी याच ठिकाणी असते, झाडाचा सगळ्यात कोवळा भाग. एकच शेंडा असल्याने तो कुजला की झाड संपलं. सोडणाच्या मिश्रणात रोप थोडं तिरकं लावलंत, तर पावसाळ्यात गॅलरीतली सर फनेलात पडली तरी काही बिघडत नाही. जड बोअरचं पाणी आणि हिवाळ्यातलं थंड पाणी मात्र तेव्हाही नको.

बीजाणूंचं प्रयोगबाग यांनी सांगावं, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

---

प्रयोगबाग

सांगते. आधी झाडाचं चक्र डोक्यात घ्या, म्हणजे कुठल्या पायरीला काय हवं ते आपोआप कळेल. बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा, पातळ हिरवा पापुद्रा तयार होतो, त्याला प्रोथॅलस म्हणतात. तो स्वतंत्र जगतो आणि त्याच्या खालच्या अंगाला नर आणि मादी अवयव असतात. नरपेशी पाण्यातून पोहत मादी अवयवापर्यंत जातात. फलन झालं की त्या पापुद्र्यातून खरा नेचा वर येतो. प्रोथॅलसच्या पेशीत ७२ गुणसूत्रं, नेच्याच्या पेशीत १४४. तेव्हा तुम्हाला दोन पिढ्या सांभाळायच्या आहेत, आणि मधल्या टप्प्यावर पाण्याचा थर मिळाला नाही तर पापुद्रे महिनोन् महिने तसेच बसून राहतात.

पेरायची वेळ: जूनअखेर ते ऑगस्ट. तेव्हा घरातलं तापमान २२ ते २८ अंशांत राहतं. फेब्रुवारीत पेरलेल्या डब्यांना प्रोथॅलस कोवळे असतानाच एप्रिल गाठतो आणि बंद डबा आतून तापतो.

बीजाणू गोळा करताना रेघ नेमकी कुठल्या अवस्थेत आहे ते बघा. हिरवट-पांढरी असेल तर कच्ची. गडद तपकिरी, जरा फुगलेली आणि पापुद्रा मागे सरकलेली हवी. फिकट, विस्कटलेली, केसाळ दिसत असेल तर बीजाणू उडून गेलेत. पानाचा पाच-सात सेंटिमीटरचा तुकडा कापा, ओल्या फडक्याने वरची बाजू पुसा, रेघांची बाजू खाली करून गुळगुळीत पांढऱ्या कागदावर ठेवा आणि कागदाची घट्ट घडी घाला. पंखा बंद, कोरडी जागा. एक-दोन दिवसांत कागदावर रेघांची तपकिरी नक्षी उमटते.

त्या पुडीत दोन गोष्टी असतात: बीजाणू आणि फाटलेल्या पिशव्यांचा भुसा. भुसा पेरला की त्यावर बुरशी येते, डबे फुकट जाण्याचं पहिलं कारण हेच. कागद थोडा तिरका धरून मागून टिचकी मारा. भुसा जाडसर असतो, तो घरंगळत खाली जातो. बीजाणू कागदाला चिकटून मागे राहतात. तीन-चार वेळा केलं की बारीक, एकसारखी पूड उरते. सूत्रकृमीचे पट्टे असलेल्या झाडाचं पान मुळीच घेऊ नका, वाळलेल्या तुकड्यातही कृमी तग धरतो.

डबा पारदर्शक झाकणाचा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. आत धुतलेलं कोकोपीट, चाळून घेतलेलं, तीन सेंटिमीटर. मुठीत घट्ट दाबलं तर एखाद-दुसरा थेंब निघावा इतपत ओलं. हे कोकोपीट आधी उष्णता सहन करणाऱ्या भांड्यात घालून कुकरमध्ये पूर्ण दाबावर अर्धा तास ठेवायचं. झाकण लावूनच थंड होऊ द्या, उघडं ठेवलंत तर हवेतले शेवाळाचे आणि बुरशीचे बीजाणू आपल्या आधी जाऊन बसतात. डबा आणि झाकण उकळत्या पाण्याने धुवा, पातळ प्लास्टिक असेल तर स्पिरिटने पुसा.

पेरणी विरळ. चिमूटभर पूड तळहाताएवढ्या डब्याला जास्त होते. कागदाच्या घडीत घेऊन वरून हलकी टिचकी मारा, पृष्ठभागावर जेमतेम धूळ बसल्यासारखं दिसावं. वर माती घालायची नाही, उजेड लागतो. दाट पेरलं की पापुद्रे एकमेकांना दाबतात, लांबोडके होतात आणि बहुतांश फक्त नर अवयव धरतात, म्हणजे हिरवळ भरपूर आणि रोपं मोजकी. झाकण लावून कडेला टेप चिकटवा, वर तारीख लिहा आणि उत्तरेच्या खिडकीत ठेवा. थेट ऊन पाच मिनिटंसुद्धा नको.

दोन ते चार आठवड्यांत हिरवी झाक येते. चिकट, चकचकीत आणि बुळबुळीत दिसली तर ते शेवाळ. मखमलीसारखी, कणाकणाची दिसली तर आपलंच पीक. दोन-अडीच महिन्यांत हृदयाचे आकार नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात. तोपर्यंत डबा उघडायची गरज नसते. झाकणावर आतून दव दिसत असेल तर ओल पुरेशी आहे.

आकार स्पष्ट झाले की उकळून गार केलेलं मऊ पाणी बारीक फवाऱ्याने द्या, पापुद्र्यांवर पाण्याचा थर दिसेपर्यंत. आठवड्यातून दोनदा, महिनाभर. फलन याच पाण्यात होतं. त्यानंतर चार ते आठ आठवड्यांत हृदयाच्या खाचेजवळून एक इवलं, चमच्यासारखं पान वर येतं. पहिल्या पानांवर जाऊ नका, ती मोठ्या पानांसारखी दिसत नाहीत.

ऑगस्टमध्ये पेरलंत तर हा टप्पा डिसेंबर-जानेवारीत येतो आणि थंडीने वाढ रेंगाळते. डबा रात्री थर्मोकोलच्या पेटीत ठेवा, दिवसा बाहेर काढा. म्हणूनच पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणं मला जास्त पसंत आहे, पहिली पानं नोव्हेंबरच्या आत दिसतात.

बुरशी दिसली तर तो भाग भोवतालच्या एक सेंटिमीटर कोकोपीटसकट चमच्याने उचला. बारीक काळ्या माशा दिसल्या तर समजा की झाकण नीट बसलेलं नाही. त्यांच्या अळ्या प्रोथॅलस खातात आणि आठवडाभरात डबा रिकामा करतात. म्हणून मी एका पानाचे बीजाणू कधीही एकाच डब्यात टाकत नाही, तीन डबे करते.

---

अंगणवेल

प्रयोगबागताई, फारच उपयोगी. नावाचे बागायती प्रकार, म्हणजे कुरळ्या किंवा सुरकुतलेल्या पानांचे, बीजाणूंपासून तसेच येतात का? आणि रोपं डब्यातून बाहेर कधी काढायची?

---

प्रयोगबाग

तसेच येतीलच असं नाही. काही रोपं साध्या पानांची निघतात, काही अर्धवट कुरळी. एकसारखी हवी असतील म्हणूनच नर्सऱ्या टिशू कल्चर करतात. तुमचं साधं निडस आहे, तिथे ही अडचण नाही.

बाहेर काढायची घाई करू नका. रोपाला तीन-चार पानं आणि निदान दोन सेंटिमीटर उंची येऊ द्या. मग टेप काढा, आठवडाभर झाकण नुसतं ठेवा. दुसऱ्या आठवड्यात काडी लावून बोटभर फट, तिसऱ्या आठवड्यात निम्मं उघडं. फट केल्यावर पानं मलूल झाली तर परत बंद करून तीन दिवस थांबा. रोपं एकेकटी उपटू नका, चार-पाचांचा पुंजका कोकोपीटसकट चमच्याने उचलून दोन इंची कुंडीत, चाळलेलं कोकोपीट आणि कोळशाची भुकटी समसमान घेऊन लावा. या कुंड्या पहिला उन्हाळा झाकणाच्या मोठ्या पेटीतच काढतात. पानं बोटाएवढी झाली की पुढच्या जुलैत पुंजके सोडवून प्रत्येक रोप वेगळं करा आणि वर गोदाकाठच्या_बागेने दिलेल्या मिश्रणात हलवा. सोडणाचे तुकडे तेव्हा अर्ध्या आकाराचे घ्या, बोटभर तुकड्यांत एवढ्या लहान रोपांची मुळं अधांतरी राहून सुकतात.